बारा ठोक्यांचा शब्द

आठवीच्या वर्गाच्या खिडकीखाली आबा आणि मी उकिडवे बसलो होतो. दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडल्याचा पहिला दिवस. आबांनी भिंतीला पाठ टेकून डोळे मिटले होते. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, म्हातारा उन्हाला बसलाय.

आत नाडगौडा सर फळ्यावर खडू ओढत होते. ते हेडमास्तर होते आणि इंग्रजी शिकवायचे. प्रत्येक सुट्टीनंतर पहिल्या तासाला ते फळ्यावर एक शब्द लिहीत. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच शब्द, दर वेळी तोच. मग एकेका पोराला उभं करून वाचायला लावत. कुणाला यायचा नाही. मग सर स्वतः तो म्हणून दाखवत आणि वर्ग गार पडायचा. दहा वर्षांपूर्वी त्याच वर्गात मीही उभा राहिलो होतो. पहिल्या जोडाक्षरापुढे माझी जीभ सरकली नव्हती. सर म्हणाले होते, ‘वायदंडे, बस तू. यात तुझा दोष नाही.’ छडी मारली असती तर मी विसरलो असतो.

‘आता म्हनतील,’ मी आबांच्या कानाशी लागलो.

‘तू गप बस.’

आतून सरांचा आवाज आला. सावकाश, चव घेत घेत. ‘फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन.’ थोडं थांबून पुन्हा एकदा. आबांची दोन बोटं गुडघ्यावर हलत होती. दुसऱ्या वेळी सरांचा आवाज आणि आबांची बोटं एकदमच थांबली.

‘चल,’ आबा गुडघ्यावर हात देऊन उठले. ‘घावला.’

मला तो शब्द पाहिजे होता, कारण मला नोकरी पाहिजे होती. हायस्कुलात ग्रंथालय परिचराची एक जागा निघाली होती. परिचर म्हणजे पुस्तकं झटकणारा, कपाट उघडून देणारा, परत लावणारा. अकरा कपाटं होती. किल्ल्या क्लार्क शिर्क्यांच्या टेबलात असायच्या आणि कपाटं वर्षातून एकदा, तपासणीच्या दिवशी, उघडायची. मी दहावी झालो होतो. त्यानंतर जे वाचलं ते किराण्याच्या पुड्यांवरचं. एखादी गोष्ट पुडीच्या कडेला फाटून संपायची आणि उरलेली कुणाच्या घरी हळदीला गेली असेल म्हणून मी रात्ररात्र तळमळायचो. अकरा कपाटं फाटलेली नव्हती. एवढंच मला पाहिजे होतं.

शाळेतल्या मुलाखतीचा एक नियम होता, तो कुठे लिहिलेला नव्हता. नाडगौडा सर उमेदवारापुढे एक चिठ्ठी सरकवायचे. चिठ्ठीवर तोच शब्द. शिपायाच्या जागेला एकोणीस जण आले होते, एकोणीसच्या एकोणीस अडकले. मग कमिटी म्हणाली, कुणीच पास झालं नाही, तेव्हा आम्हाला योग्य वाटेल तो माणूस आम्ही घेतो. योग्य वाटणारा माणूस दर वेळी चेअरमन अण्णासाहेबांच्या पाहुण्यांतला निघायचा. आणि तक्रार कुणी करायची? जो तो स्वतःच्या तोंडानं अडकलेला. घरी जाऊन सांगायचा, मलाच वाचता आलं नाही. भोकं नसलेली चाळणी होती ती. काहीच खाली पडायचं नाही आणि दोष मात्र पिठाचा.

आबांना अक्षरओळख नव्हती. पण सबंध गावात इंग्रजी शब्द आबांइतका चोख कुणी उच्चारत नव्हतं, आणि हे मी बापाचं कौतुक म्हणून लिहीत नाही.

आबा, म्हणजे यशवंत वायदंडे, लोकांचे येसबा, गावाची दवंडी द्यायचे. लग्नात हलगी आमची, जत्रेत आमची, मयतीला आमची. पण दवंडी म्हणजे निव्वळ वाजवणं नव्हे. ग्रामपंचायतीत ग्रामसेवक कागद वाचून दाखवणार, तो आबा उभ्या उभ्या एकदा ऐकणार, आणि मग गावातल्या सात ठिकाणी हलगी वाजवून तो जसाच्या तसा सांगणार. कागदात इंग्रजी शब्द असायचेच. ट्रिपल पोलिओ. अ‍ॅग्रिकल्चरल एक्झिबिशन. आबा अर्थ विचारत नसत. ते ठोके मोजायचे. सांगणाऱ्याचा आवाज कुठं चढतो, तिथं उजव्या हातातलं टिपरू पडायचं. बाकीच्या जागी डाव्या हातातली बारीक काडी. एकदा जनावरांच्या डॉक्टरांनी ‘आर्टिफिशियल इन्सेमिनेशन’ असं सांगून पाठवलं. ग्रामसेवक स्वतः तीनदा अडखळला होता. आबांनी सातही ठिकाणी तो शब्द धरणाचं दार उघडावं तसा सोडला.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायतीपुढं चाळीस गाई उभ्या. गावाची रीतच होती ती. शब्द कळो न कळो, येसबानं हाळी दिली म्हणजे काहीतरी मिळणार आहे, आणि ते संपायच्या आत गाठलं पाहिजे. माणसं रेशनकार्ड, दाखला, जे हाताला लागेल ते घेऊन पहाटेच हजर व्हायची.

खिडकीखालून आम्ही घरी आलो. आबांनी खुंटीवरची हलगी काढली, चुलीच्या जाळावर धरून तापवली. कातडं ताणलं गेल्याचा आवाज बोटानं पाहिला आणि म्हणाले, ‘बारा ठोके हायत. पर सरळ बारा न्हाईत. दोन, दोन, तीन, तीन, दोन. ऐक.’

त्यांनी वाजवलं. मग तोंडानं म्हटलं. फ्लॉक्-सि. नॉ-सि. नाय-हि-लि. पि-लि-फि. के-शन.

मी म्हणून बघितलं. ‘पिलि’पाशी पाय घसरला.

‘तू अक्षरं बगतूस,’ आबा म्हणाले. ‘अक्षरं बगितली की मानूस भितंय. पाच उड्या हायत, पाचच मारायच्या. आनि ध्यान दे, सगळ्यांत मोठा जोर हितं न्हाई.’ त्यांनी पहिल्या ठोक्यावर काडी टेकवली. ‘मास्तर मोठा जोर अकराव्याला देतोय. के. तवर नुसतं चढत जायाचं.’

सरांनी वर्गात हे कधी सांगितलं नव्हतं. शब्दाचे तुकडे असतात, प्रत्येक तुकड्याला वजन असतं आणि वजन सारखं नसतं, हे मला पहिल्यांदा हलगीनं कळलं. पंधरा दिवस आम्ही तेच केलं. जळणाला जाताना, पाणी भरताना, जेवताना. शेजारची पोरं ते ऐकून ऐकून शिकली आणि लगोरी खेळताना म्हणायला लागली. अर्थ मला माहीत नव्हता. शब्दकोश कपाटात होता आणि कपाट शिर्क्यांच्या किल्लीत.

मुलाखत शुक्रवारी अकरा वाजता होती. उमेदवार सात. त्याच दिवशी चार वाजता आबांना दवंडी द्यायची होती, तीही शाळेचीच. रविवारी संस्थेचा वर्धापनदिन होता. म्हणून आबा हलगी घेऊनच माझ्याबरोबर आले आणि आवारातल्या करंजाच्या झाडाखाली बसून राहिले.

माझ्या आधीचे तिघं आत गेले आणि पाच-पाच मिनिटांत बाहेर आले. तिसरा बी. ए. होता. तो बाहेर येऊन म्हणाला, ‘शब्द आहे का मालगाडी.’ आणि सायकलला टांग मारून गेला.

आत टेबलामागं अण्णासाहेब मधोमध, उजवीकडं नाडगौडा सर, कडेला टाइपरायटरमागं शिर्के. सरांनी मला ओळखलं. चिठ्ठी पुढं सरकवली आणि खिडकीबाहेर बघायला लागले. आता अडकणाऱ्याकडं काय बघायचं.

मी चिठ्ठी उचलली नाही. पँटीच्या शिवणीवर बोट ठेवलं आणि म्हटलं.

सरांनी मान वळवली. ‘काय म्हणालास?’

मी पुन्हा म्हटलं. पाच उड्या. अकराव्यावर जोर.

सरांनी चिठ्ठी स्वतःकडं ओढून वाचली, जणू तिच्यावर दुसरंच काही लिहिलं गेलं असेल. मग म्हणाले की उच्चार बरोबर आहे. जोरसुद्धा जागेवर आहे. हे त्यांनी अण्णासाहेबांना सांगितलं, मला नाही.

अण्णासाहेबांचं लक्ष दुसरीकडं होतं. ‘बोट कशाला हलवतोस रे?’

‘ठोके मोजतोय.’

‘कुणी शिकवलं?’

‘आबांनी.’

‘म्हणजे येश्यानं?’ अण्णासाहेब खुर्चीत मागं रेलून हसले. ‘सर, तुमचा शब्द आमच्या येश्याला येतोय म्हणे. बोलवा त्याला.’

शिर्क्यांनी खिडकीतून हाक मारली. आबा उंबऱ्याबाहेर वहाणा काढून आत आले आणि दाराशी उभे राहिले. अण्णासाहेबांनी म्हणायला सांगितलं, आबांनी म्हटलं. अण्णासाहेब म्हणाले, असं कोरडं नको, वाजवून. आबांनी माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली. आबांनी हलगी छातीशी धरली आणि वाजवलं.

त्यानंतरचा अर्धा तास मी सांगू शकतो, पण थोडक्यात सांगतो. अण्णासाहेबांना हसून हसून ठसका लागला. त्यांनी शेजारच्या वर्गातले मास्तर बोलावून घेतले. आबांनी पाच वेळा वाजवलं. एका मास्तरानं विचारलं, मुंबईचा पत्ता वाजवून दाखवशील का. दुसरा म्हणाला, येसबाला लंडनला पाठवू. मुलाखत माझी होती आणि मी भिंतीला चिकटून उभा होतो.

उभ्या उभ्या माझी नजर शिर्क्यांच्या टेबलावर गेली. काचेच्या गोळ्याखाली एक टाइप केलेला कागद होता, माझ्या बाजूनं उलटा. पुड्या वाचणाऱ्याला उलटं वाचता येतं. कारण दुकानदार पुडी बांधत असतानाच जेवढं वाचून होईल तेवढं आपलं. ग्रंथालय परिचर या पदावर श्री. उमेश अमुकतमुक यांची नेमणूक करण्यात येत आहे. उमेश अण्णासाहेबांचा भाचा. तो सातांत होता, बाहेर व्हरांड्यात बसला होता, त्याचा नंबर अजून यायचा होता. खाली तारीख होती. बुधवारची.

हसणं ओसरल्यावर आबांनी हलगी खाली घेतली आणि सरांना विचारलं, ‘सर, ह्याचा अर्थ काय हुतोय?’

तीस वर्षं दवंडी दिलेल्या माणसानं पहिल्यांदा एका शब्दाचा अर्थ विचारला होता.

सर खुलले. शिकवणं त्यांच्या अंगात होतं, ते नाकारत नाही. ते म्हणाले, हा एक शब्द नाहीच, चार जुने लॅटिन शब्द एकापुढं एक जोडलेत. त्यांनी बोटांवर मोजलं. ‘पहिला, लोकरीचा पुंजका. दुसरा, टरफल म्हण. तिसरा, काहीच नाही. चौथा, एक केस. व्याकरणाच्या पुस्तकात हे चारही एका यादीत असायचे. इंग्रजांच्या शाळेतल्या पोरांनी गंमत म्हणून सगळे सांधले, असं म्हणतात. चारींचा अर्थ एकच. कवडीमोल. आणि शेवटी जे फिकेशन आहे, ते म्हणजे तसं करणं. एखाद्याला कवडीमोल ठरवणं.’

आबांनी स्वतःच्या बोटांवर मोजून बघितलं.

‘एकदा सांगून भागत न्हाई व्हय? चार येळा?’

‘ठासून सांगायचं असतं,’ सर म्हणाले.

‘पर जोर तर चारींतल्या कशावरच न्हाई,’ आबा म्हणाले. ‘जोर शेवटाला हाय. त्या करन्यावर.’

अण्णासाहेबांनी घड्याळ बघितलं. मला म्हणाले, पोरगा हुशार आहेस, पुढच्या वेळी बघू.

‘पुढच्या वेळेचा हुकूमही आधीच टाइप होणार का?’ मी म्हणालो. ‘हा बुधवारचा आहे. आज शुक्रवार.’

शिर्क्यांनी कागदावर हात ठेवला. अण्णासाहेबांचा आवाज अजिबात चढला नाही. ‘तुला वाचता येतं, हे आम्हाला कळलं. आता बाहेर हो.’ मग आबांकडं वळून म्हणाले, ‘येश्या, रविवारी वर्धापनदिनाला दोघं बापलेक या. स्टेजवर हा शब्द वाजवून दाखवायचा. साहेब लोक येणार आहेत. धोतरजोडी देतो तुला.’

‘बरं,’ आबा म्हणाले.

मी बाहेर आलो. तेव्हा मी संतापानं पेटलो होतो असं लिहिलं तर ते खोटं होईल. राग नंतर आला, आणि आल्यापासून गेलेला नाही. त्या क्षणी मला लाज वाटत होती, आणि तीही अण्णासाहेबांची नव्हे. आबांच्या त्या ‘बरं’ची.

करंजाखाली आबा वाळला पाला गोळा करून हलगी शेकत बसले. शिर्के येऊन दवंडीचा मजकूर सांगून गेले. एकदाच. आबांनी मान डोलवली. चार वाजता ते उठले आणि मला म्हणाले, ‘चल संगं.’

‘मी न्हाई येनार.’

‘चल म्हनतोय न्हवं.’

मी दहा पावलं मागं ठेवून चालत गेलो. पहिली दवंडी चावडीपुढं व्हायची. आबांनी हलगी वाजवली, माणसं दारांत आली, बायका कडेवर पोरं घेऊन थांबल्या. आबांनी शाळेचा मजकूर सांगितला. ऐका हो ऐका, परवा रविवारी सकाळी दहा वाजता आपल्या हायस्कुलाच्या पटांगणात संस्थेचा वर्धापनदिन हाय, तरी समस्त गावकऱ्यांनी हजर राहावं हो. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही.

मग त्यांनी निघायला पाहिजे होतं. ते निघाले नाहीत. टिपरू वर गेलं. दोन, दोन, तीन, तीन, दोन.

‘ऐका हो ऐका. आज सकाळी अकरा वाजता हायस्कुलाच्या कमिटीनं सात अर्जदारांचं फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन केलं हो. जागा एक. अर्ज सात. हुकूम बुधवारचा. आनि ज्या कुना गावकऱ्याचं फ्लॉक्सिनॉसिनायहिलिपिलिफिकेशन ऱ्हायलं असंल, त्यानं शाळंत जाऊन सरांकडं चौकशी करावी हो.’

आवाज तोच. सरकारी. ट्रिपल पोलिओचा.

दुसरी मारुतीच्या पारापाशी, तिसरी पेठेत, चौथी वेशीत. मी आता दहा पावलं मागं नव्हतो. पाचवी अण्णासाहेबांच्या वाड्यासमोरच्या चौकात. तिथं आबा जरासे थांबले, घाम पुसला आणि दिली. सहावी खालच्या आळीत. सातवी आमच्या वस्तीत, तिथं पोरांनी आबांबरोबर शब्द म्हटला, कारण त्यांना तो येतच होता.

घरी आल्यावर आबा जेवले आणि झोपले.

शनिवारी सकाळची शाळा. मी सातला फाटकापाशी गेलो तेव्हा आत शंभरएक माणसं होती. व्हरांड्याच्या पायऱ्यांवर रांग. कुणाच्या हातात रेशनकार्ड, कुणाच्या जन्माचा दाखला, दोघांनी फोटो काढून आणले होते. रांगेत पुढं हौसाक्का होती. नवरा मेल्यापासून शेतमजुरी करणारी, साठीची बाई, कुठल्याही रांगेत पहिली असायची. तिनं सुनेचंही रेशनकार्ड आणलं होतं.

शिर्के प्रत्येकाला सांगत होते, असली काही योजना नाही. हेच त्यांनी सांगायला नको होतं. योजना नाही असं शिर्के म्हणतायत म्हणजे ती नक्की आहे आणि ती आपापल्या माणसांत वाटून चाललीये, हे लोकांनी आधीच्या अनुभवावरून ओळखलं. आवाज वाढला. काल सातांचं झालं, मग आमचं का नाही? उमेशचं झालं का? त्याचं तर कालच झालं असणार, मामाच चेअरमन. फॉर्म संपले असतील तर तसं लेखी द्या. एक म्हातारा म्हणाला, निम्मं तरी करा.

नाडगौडा सर आले, त्यांनी हात वर केले. हा इंग्रजी शब्द आहे, त्याचा तुमच्याशी काही संबंध नाही, घरी जा. हौसाक्का म्हणाली, संबंध नसायला आम्ही काय परगावचे आहोत का. मग अण्णासाहेबांची जीप आली. ते उतरले, गर्दी बघितली आणि सरांना म्हणाले, ‘यांना अर्थ सांगा आणि घालवा.’

सरांनी नाही म्हणून मान हलवली. अण्णासाहेबांनी पुन्हा सांगितलं.

तेव्हा सर व्हरांड्याच्या कडेला आले. काल खोलीत बोटांवर मोजून दाखवलेलं आज त्यांनी मोजलं नाही. लोकर, टरफल, केस, काहीच आलं नाही. खाली बघत म्हणाले, ‘याचा अर्थ, एखाद्याला कवडीमोल ठरवणं. अमका माणूस कशाच्याही लायकीचा नाही, असं ठरवून टाकणं.’

मागच्यांना ऐकू गेलं नव्हतं, त्यांना पुढच्यांनी सांगितलं. ते मागं मागं सरकत फाटकापर्यंत पोचलं.

हौसाक्कानं दोन्ही रेशनकार्डं पदराच्या गाठीत बांधली.

‘मग आमचं कवाच झालंय की सर,’ ती म्हणाली. ‘फारम नगं.’

आणि ती पायऱ्या उतरून गेली. तिच्यामागं सगळे गेले. कुणी घोषणा दिली नाही, कुणी दगड उचलला नाही. ते असलं काही झालं असतं तर अण्णासाहेबांना काय करायचं ते माहीत होतं. शंभर माणसं नुसती पाठ करून चालत गेली तर काय करायचं, ते त्यांना माहीत नव्हतं. ते जीपच्या दाराला धरून उभे होते.

यातून काही उलथापालथ झाली नाही. उमेश सोमवारी कामावर रुजू झाला, आणि कपाटं पूर्वीसारखीच तपासणीला उघडत राहिली. वर्धापनदिन झाला. आबा स्टेजवर गेले नाहीत. खुर्च्या मांडल्या होत्या त्यातल्या निम्म्या रिकाम्या होत्या. पंचायतीनं आबांची दवंडी बंद करून सायकलला बांधायचा भोंगा आणला. नंतर मला कळलं की पुढच्या जूनमध्ये नाडगौडा सरांनी आठवीच्या फळ्यावर तो शब्द लिहिला, तेव्हा मागच्या बाकांवरून बारा ठोके पडले. दोन, दोन, तीन, तीन, दोन. सरांनी फळा पुसला आणि धडा पहिला काढला. मुलाखतीत ती चिठ्ठी पुन्हा कुणापुढं सरकली नाही. पाहुण्यांना आता चिठ्ठीशिवाय घ्यावं लागायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

मी सोमवारीच गाव सोडलं. सांगलीत एक लांबचा मामा पुस्तकं बांधायच्या कारखान्यात होता, त्यानं ये म्हटलं होतं. एसटी स्टँडवर आबा पोचवायला आले होते. हलगी बरोबर नव्हती. तिच्याशिवाय त्यांचे हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. कधी मागं घेत, कधी छातीशी.

तीन दिवस पोटात ठेवलेलं मी तेव्हा विचारलं.

‘आबा, तुमी अण्णासायबाला बरं का म्हनालासा?’

गाडी लागली होती. कंडक्टर बेल मारत होता. आबांनी माझी पिशवी खिडकीतून आत दिली.

‘वाजव म्हनला, बरं म्हनलो. वाजवलं की,’ आबा म्हणाले. ‘त्यानं रविवार सांगितल्याला. मी शुक्रवारी वाजवलं.’